सिरॅमिकचा प्रोटोटाइप पार्ट: माल निवडण्यापासून जोडणीपर्यंत

धातूचा एखादा नमुना पार्ट करायचा असला की आपण ठोकळा आणतो, मशीनवर चढवतो आणि ड्रॉइंगप्रमाणे कापत जातो. सिरॅमिकच्या बाबतीत हीच सवय महागात पडते. पूर्ण भाजलेल्या अल्युमिनाचा (म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या सिरॅमिकचा) कठीणपणा व्हिकर्स मापात १५०० च्या घरात असतो, म्हणजे कार्बाइडच्या टूलच्या जवळपास बरोबरीचा. त्यावर कार्बाइडचं एंडमिल चालवलं तर झिजतं ते एंडमिलच. हिऱ्याचं टूल लावलं तर काम होतं, पण एका पासला मिलिमीटरचे एक-दोन शतांश निघतात आणि मशीन तासन्‌तास अडकून पडतं. पार्टला किती खर्च येणार, तो किती दिवसांत हाती येणार आणि वापरात टिकणार की नाही, हे बरंचसं मशीन सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं. कुठला माल घेतला, कुठल्या अवस्थेत घेतला आणि त्यातला किती भाग कापायचा शिल्लक ठेवला, यावर सगळं अवलंबून. पुढचा क्रम त्याच हिशोबाने लावला आहे.

## १. गरज लिहून काढा

एका कागदावर लिहा: तापमान किती, ते किती वेगाने चढतं-उतरतं, व्होल्टेज किती, भार कुठल्या दिशेने येतो, कशाच्या संपर्कात राहणार. मग यातली कुठली अट सिरॅमिकशिवाय भागत नाही ते पाहा. फक्त विद्युतरोधक हवा आहे आणि तापमान २०० अंशांच्या आत आहे, तर पीक (PEEK) नावाचं उष्णता सोसणारं प्लास्टिक पुष्कळदा पुरतं. ते साध्या टूलने कापलं जातं आणि हातातून पडलं तरी तुटत नाही.

भाराची दिशा तर लिहायलाच हवी. सिरॅमिक दाब उत्तम सोसतं. ताण सोसण्याची ताकद त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. शिवाय ही ताकद म्हणजे एक ठरलेला आकडा नव्हे. एकाच लॉटच्या दहा पट्ट्या मोडल्या तर दहा वेगळे आकडे येतात, कारण प्रत्येकीत सगळ्यात मोठी चीर वेगळ्या आकाराची असते. मोठ्या पार्टमध्ये मोठी चीर सापडण्याची शक्यता जास्त, म्हणून छोट्या चाचणीपट्टीवरचा कॅटलॉगमधला आकडा मोठ्या पार्टला जसाच्या तसा लावू नका. प्रोटोटाइपमध्ये ताण छापील ताकदीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शापुढे जाणार नाही असं डिझाइन मी ठेवतो.

## २. मटेरियल निवडा

अल्युमिना हा पहिला विचार. स्पार्क प्लगचा पांढरा भाग त्याचाच असतो. ९९.५ टक्के शुद्धतेच्या मालाची घनता ३.९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरच्या आसपास, वाकवल्यावरची ताकद ३०० ते ४०० मेगापास्कल, उष्णता वाहण्याची क्षमता २५ ते ३० वॉट प्रति मीटर-केल्विन. रॉड, नळ्या, पट्ट्या, चकत्या सगळं तयार मिळतं आणि किंमत आवाक्यात असते. कमजोरी एकच, पण मोठी: तापमानाचा झटका. साधारण २०० अंशांचा एकदम फरक पडला की तडा जाऊ शकतो.

झिर्कोनिया, म्हणजे ३ मोल टक्के यिट्रिया (यिट्रियमचा ऑक्साइड) मिसळलेला, ताकदीत अल्युमिनाच्या दुप्पट-तिप्पट भरतो. चीर पुढे सरकू लागली की तिच्या टोकाजवळचे कण आपली स्फटिकरचना बदलतात, सुमारे ४ टक्के फुगतात आणि चिरेला दाबून धरतात. हे १९७५ साली गार्वी, हॅनिंक आणि पास्को यांनी दाखवून दिलं. पातळ पाती, छोटे शाफ्ट, बारीक पिना यांच्यासाठी हाच घ्यावा. दोन ठिकाणी मात्र तो टाळा. ओलसर हवेत किंवा वाफेत, विशेषतः २०० ते ३०० अंशांच्या दरम्यान, हीच रचना पृष्ठभागावर आपोआप बदलू लागते आणि माल हळूहळू कमकुवत होतो. दुसरं, तापल्यावर त्यातून ऑक्सिजनचे आयन वाहू लागतात. गाडीचा ऑक्सिजन सेन्सर याच गुणावर चालतो. म्हणून भट्टीतला इन्सुलेटर झिर्कोनियाचा करायचा नाही.

सिलिकॉन नायट्राइड झटक्याला सगळ्यांत खंबीर. प्रसरण अल्युमिनाच्या निम्म्याहून कमी, ताकद ७०० मेगापास्कलच्या वर. महाग आहे, आणि तयार आकार मोजकेच मिळतात. सिलिकॉन कार्बाइड झीज आणि उष्णता वाहणं यासाठी. त्याच्या 'रिअ‍ॅक्शन बाँडेड' प्रकारात मोकळा सिलिकॉन उरलेला असतो, आणि सिलिकॉन १४१४ अंशांना वितळतो. त्यामुळे तो प्रकार १३५० च्या पुढे नेऊ नये. पण त्याच मोकळ्या सिलिकॉनमुळे वीज वाहते, आणि मग वायर ईडीएमवर (तारेच्या विद्युत ठिणग्यांनी कापणाऱ्या मशीनवर) तो कापता येतो. गुंतागुंतीच्या आकारासाठी ही फार कामाची सोय आहे.

अ‍ॅल्युमिनियम नायट्राइड उष्णता १७० वॉट प्रति मीटर-केल्विनच्या पुढे वाहतो आणि वीज अडवतो. हीटर आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या बाहेर त्याची फारशी गरज पडत नाही.

आणि मग साध्या टूलने कापता येणारे प्रकार. मॅकोर हा कॉर्निंग कंपनीचा अभ्रक आणि काच यांचा एकजीव माल. अभ्रकाच्या बारीक पापुद्र्यांमुळे चीर जागच्या जागी वळते आणि माल भुकटी होऊन कापला जातो. ८०० अंशांपर्यंत सतत चालतो, भाजावा लागत नाही, छिद्रं नसल्यामुळे निर्वात कक्षातही वापरता येतो. वाकवल्यावरची ताकद मात्र ९४ मेगापास्कल, म्हणजे अल्युमिनाच्या चौथ्या हिश्शाइतकी. बोरॉन नायट्राइडचा षट्कोनी प्रकार इतका मऊ की नखाने ओरखडा उठतो. वितळलेले बरेच धातू त्याला चिकटत नाहीत. त्याच्या काही ग्रेडमध्ये बोरिक ऑक्साइडचा बाइंडर (कण धरून ठेवणारा पदार्थ) असतो आणि तो ओल धरतो, म्हणून कोरडाच कापावा, कोरडाच ठेवावा.

## ३. कापायचं कुठल्या अवस्थेत, ते ठरवा

सगळ्या कामातला हा सर्वांत मोठा निर्णय. वाटा चार आहेत, आणि मी त्या याच क्रमाने तपासतो.

पहिली, मुळीच कापायचं नाही: बाजारात तयार आकार शोधायचा आणि धातूचा पार्ट त्याला जुळवून घ्यायचा. दुसरी, मॅकोर किंवा बोरॉन नायट्राइडसारखा माल घेऊन साध्या मशीनवर कापायचा. तिसरी, कच्च्या (पूड दाबून घडवलेल्या, न भाजलेल्या) किंवा अर्ध्या भाजलेल्या मालात आकार द्यायचा आणि नंतर पूर्ण भाजायचा. चौथी, पूर्ण भाजलेला माल हिऱ्याने घासायचा.

नमुना एक-दोनच हवा असेल, ताकदीची फार अपेक्षा नसेल, तर दुसरी वाट धरा. मॅकोर महाग वाटतो, पण अल्युमिनात तोच आकार हिऱ्याने काढायचा खर्च मोजला की महागपणा उरत नाही. आकार गुंतागुंतीचा, नग दहाच्या पुढे आणि मापात १ टक्का इकडेतिकडे चालत असेल तर तिसरी. काही मोजके पृष्ठभाग अचूक हवेत तर तिसरी आणि चौथी मिळून: कच्च्यात आकार, भाजल्यावर फक्त तेवढे पृष्ठभाग घासून.

## ४. माल कुठे शोधायचा

पहिल्या वाटेकडे फार कमी लोक लक्ष देतात, म्हणून इथे थोडं थांबू. कुठला तरी उद्योग लाखोंनी बनवतो असे सिरॅमिकचे पार्ट आपल्या आजूबाजूला असतात, आणि त्यांची अचूकता प्रोटोटाइपच्या गरजेपेक्षा पुष्कळ जास्त असते.

ऑप्टिकल फायबरच्या कनेक्टरमधला फेरूल बघा. झिर्कोनियाची २.५ मिमी व्यासाची बारीक नळी, मधोमध १२५ मायक्रॉनच्या फायबरला बसणारं भोक, आणि बाहेरचा व्यास मायक्रॉनच्या आत. असा तुकडा एकट्याने बनवून घ्यायला गेलात तर दर ऐकूनच थांबाल. सुटा फेरूल मात्र किरकोळ किमतीला मिळतो. बारीक पिन, गाइड, नोझल, बेअरिंगची बुश म्हणून तो सरळ वापरता येतो. १.२५ मिमी व्यासाचाही येतो.

असेच आणखी. नळाच्या कार्ट्रिजमधल्या अल्युमिनाच्या चकत्या एकमेकींवर पाणी अडवतील इतक्या सपाट लॅप केलेल्या (बारीक पुडीने घासलेल्या) असतात. बेअरिंगमध्ये जाणारे सिलिकॉन नायट्राइडचे गोळे गोलाईत अप्रतिम असतात, आणि तीन टेकूंवर काही बसवायचं असेल तर उत्तम. पंपाच्या मेकॅनिकल सीलमधल्या सिलिकॉन कार्बाइडच्या कड्या, प्लंजर पंपाचे अल्युमिना प्लंजर, थर्मोकपलच्या दोन भोकांच्या नळ्या, पॉवर ट्रान्झिस्टरखाली घालायचे अल्युमिनाचे तुकडे, इलेक्ट्रॉनिक्ससाठीच्या ९६ टक्के अल्युमिनाच्या ०.६३५ मिमी जाडीच्या पट्ट्या: प्रत्येक वस्तू एखाद्या डिझाइनचा कणा होऊ शकते. म्हणून ड्रॉइंग पक्कं करण्याआधी असे कॅटलॉग चाळा. ६.२ मिमीचा रॉड हवा असं ठरवून बसलात तर तो घासून घ्यावा लागेल. डिझाइन ६ मिमीला आणलंत तर तयार रॉड कापून काम होतं.

तिसऱ्या वाटेसाठी दंतवैद्यकाचा बाजार बघा. दातांच्या कॅप बनवायला अर्धवट भाजलेल्या झिर्कोनियाच्या ९८ मिमी व्यासाच्या चकत्या वेगवेगळ्या जाडीत मिळतात. डेंटल लॅबकडे त्या कापायचं पाच अक्षांचं मशीन आणि १५०० अंशांची भट्टी दोन्ही असतात. तळहाताहून लहान पार्ट असेल आणि तुमच्याकडे स्वच्छ थ्रीडी मॉडेल असेल, तर अशी लॅब ते काम पटकन करून देऊ शकते. मॉडेलमधल्या कुठल्या बाजूवर सपोर्टचा खुंट राहिलेला चालेल तेवढं सांगून ठेवा.

चौथ्या वाटेसाठी सिरॅमिक ग्राइंडिंग करणारं जॉब शॉप लागतं. त्यांच्याकडून माल आणि काम दोन्ही एकत्र घ्या. तुमचा ठोकळा नेऊन दिला आणि तो तडकला, तर चूक मालाची की कामाची यावर वाद होतो.

## ५. ऑर्डर देताना काय विचारायचं

नुसतं 'अल्युमिना' लिहिलेला कोटेशनचा कागद अपुरा. शुद्धता, घनता, वाकवल्यावरची ताकद आणि ती कुठल्या पद्धतीने मोजली (एएसटीएम सी ११६१ किंवा आयएसओ १४७०४), कणांचा सरासरी आकार, लॉट नंबर, आणि माल कसा घडवला ते विचारा: एक्सट्रूड (साच्यातून ढकलून), प्रेस, की आयसोस्टॅटिक प्रेस (सगळ्या बाजूंनी सारखा दाब देऊन)? एक्सट्रूड केलेली नळी स्वस्त असते, पण भाजून आल्यावर तिच्या व्यासात काही टक्क्यांचा फरक आणि लांबीत थोडा बाक असतो. त्यात अचूक शाफ्ट फिरवायचा असेल तर आतून घासून घ्यावी लागेल, आणि लांब नळी आतून घासणं हे खर्चिक कामांपैकी एक.

विचारणीसोबत पार्ट कशासाठी आहे ते दोन ओळींत लिहा. अनुभवी सप्लायर त्यावरून सांगतो की ही खाच बाहेर घेतली तर दर निम्मा होईल. सुटे नगही आधीच मागा. एक हवा असेल तर तीन घ्या. सेटअप झालेला असताना दुसरा-तिसरा नग पहिल्याच्या मानाने खूपच स्वस्त पडतो.

## ६. ड्रॉइंग सिरॅमिकचं करा

धातूचं ड्रॉइंग जसंच्या तसं पाठवू नका. आतल्या प्रत्येक कोपऱ्याला किमान ०.५ मिमी, जमलं तर १ मिमीचा रेडियस द्या. धारदार आतला कोपरा म्हणजे तडा सुरू व्हायची तयार जागा. बाहेरच्या कडांना ०.२ ते ०.५ मिमीचा चॅम्फर, नाहीतर हाताळतानाच टवके उडतात. भोक आणि कड यांच्यात निदान भोकाच्या व्यासाइतकं अंतर सोडा. जाडी एकदम बदलू नका. भाजताना जाड भाग आणि पातळ भाग वेगळ्या गतीने तापतात आणि पार्ट वाकतो.

आटे सिरॅमिकमध्ये काढायचे टाळा. आरपार भोक ठेवा आणि पलीकडे धातूचा नट द्या. टॉलरन्स फक्त काम करणाऱ्या पृष्ठभागांवर लिहा, बाकी सगळीकडे 'भाजल्यावर जसा येईल तसा'. सहा बाजूंच्या ठोकळ्यावर सरसकट ०.०१ मिमी लिहिलं तर सहाही बाजू हिऱ्याने घासाव्या लागतात. दोनच बाजू काम करत असतील तर बाकी चारांचे पैसे फुकट जातात.

## ७. मॅकोर कापताना

साधं लेथ, साधं मिलिंग मशीन चालतं. टूल कार्बाइडचं आणि नवं असावं. माल भुकटी होऊन निघतो आणि ती भुकटी घासते, म्हणून बोथट टूल लवकर ओळखा: कडेला बारीक टवके दिसू लागले की टूल बदला. वेग धातूच्या मानाने बराच कमी, टर्निंगला मिनिटाला १० ते १५ मीटर आणि फेऱ्याला ०.०५ ते ०.१३ मिमी फीड. पाण्यात मिसळणारा कूलंट भरपूर वाहू द्या, त्याचं मुख्य काम भुकटी वाहून नेणं.

ड्रिल पलीकडून बाहेर पडताना मागच्या बाजूचा मोठा टवका उडवतं. त्यावर खात्रीचा उपाय आहे. ठोकळा मागच्या बाजूने किमान १.३ मिमी जास्त जाड ठेवा, भोक पाडा, मग ती जास्तीची जाडी फेस करून काढा. टवका तिच्याबरोबर जातो.

आटे पाडायचेच असतील तर टॅपच्या आधीचं भोक धातूला घेतो त्यापेक्षा एक माप मोठं घ्या आणि दोन्ही तोंडांना चॅम्फर द्या. आता टॅप हातात धरल्यावरची सवय मोडायची आहे. स्टीलमध्ये आपण अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असं करत जातो. इथे टॅप एकाच दिशेने, सावकाश, पाण्याची धार सोडून पुढे न्यायचा. मागे फिरवला की पाडलेल्या आट्यांचे माथे उडतात. शेवटाला पोचल्यावर एकदाच, हलक्या हाताने बाहेर काढायचा.

जॉब व्हाइसमध्ये धरताना जबड्यांना पुठ्ठा किंवा पातळ रबर लावा, आणि तीन जबड्यांच्या चकपेक्षा कॉलेट बरी.

## ८. कच्च्या मालात आकार देताना

कच्चा किंवा अर्धा भाजलेला अल्युमिना खडूसारखा कापला जातो, पण टूल झपाट्याने झिजवतो, म्हणून कार्बाइडवर हिऱ्याचा लेप असलेलं टूल घ्या. कोरडंच कापा आणि टूलजवळ व्हॅक्यूमचं तोंड लावा. ओला कच्चा माल फुगतो किंवा ढासळतो.

मुख्य हिशोब आकसण्याचा. भाजताना लांबीत साधारण १५ ते २० टक्के घट होते, दंतवैद्यकाच्या झिर्कोनियात थोडी जास्त. इथे सर्रास होणारी चूक अशी: तयार माप ४० मिमी, घट २० टक्के, म्हणून ४० मध्ये २० टक्के मिळवून ४८ मिमीचा तुकडा कापला जातो. तो भाजून ३८.४ मिमीचा येतो. घट कच्च्या मापाच्या २० टक्के असते, म्हणून ४० ला ०.८ ने भागायचं. गुणक १.२५, कच्चं माप ५० मिमी. दंतवैद्यकाच्या चकत्यांवर प्रत्येक लॉटचा गुणक छापलेला असतो. तो कॅम सॉफ्टवेअरमध्ये (मशीनचा कापण्याचा मार्ग ठरवणाऱ्या) जसाच्या तसा घाला, आधीच्या लॉटचा वापरू नका.

दुसऱ्या कुठल्या ठोकळ्यावर काम करत असाल तर त्याच ठोकळ्यातून एक घन कापा, तिन्ही दिशा खुणा करून मोजा, भाजा, पुन्हा मोजा. प्रेस केलेल्या मालात दाबाच्या दिशेने आकसणं वेगळं निघतं, आणि हा फरक कळायला दुसरा मार्ग नाही.

अल्युमिना १६०० अंशांच्या आसपास भाजतात, झिर्कोनिया १४५० ते १५०० ला. ठोकळ्यात बाइंडर असेल तर ६०० अंशांपर्यंत फार सावकाश चढायचं, नाहीतर आतला वायू पार्ट फोडून बाहेर येतो. पार्ट आकसताना सरकतो, म्हणून खालच्या फरशीवर त्याच मटेरियलची बारीक पूड पसरा. लांब, अधांतरी हात असलेला आकार स्वतःच्या वजनाने खाली झुकतो. त्याला त्याच ठोकळ्यातून कापलेला टेकू द्या, म्हणजे टेकूही तेवढाच आकसेल.

## ९. भाजलेल्या मालाचं ग्राइंडिंग

हिऱ्याच्या टूलचे, हिरे कशाने धरलेत (बाँड) त्यावरून, तीन प्रकार लक्षात ठेवा. रेझिन बाँड फिनिशिंगसाठी, मेटल बाँड भोकं पाडायच्या पोकळ कोअर ड्रिलसाठी आणि आकार टिकवायच्या चाकांसाठी, इलेक्ट्रोप्लेटेड छोट्या बरसाठी (दांड्याच्या बारीक टूलसाठी). इलेक्ट्रोप्लेटेडमध्ये हिऱ्याचा एकच थर असतो. तो गेला की टूल संपलं. रफिंगला १२६ मायक्रॉनच्या आसपासचा दाणा, फिनिशला ४६, आरशासारखा पृष्ठभाग हवा असेल तर त्याखालचे दाणे आणि शेवटी हिऱ्याची पेस्ट.

सरफेस ग्राइंडरवर चाकाचा वेग सेकंदाला २० ते ३० मीटर, एका पासला ०.०१ ते ०.०२ मिमी. सीएनसी मिलिंग मशीनवर छोट्या बरने काम करताना हा वेग मिळत नाही: ६ मिमीचा बर २०,००० आरपीएमवर सेकंदाला जेमतेम ६ मीटर गाठतो. चालतं, फक्त खोली आणि फीड त्या मानाने कमी ठेवायचे आणि घाई करायची नाही. पार्टवर जोर दिला की वरून दिसत नाहीत अशा चिरा पृष्ठभागाखाली उतरतात आणि पार्ट पुढे वापरात मोडतो.

चाक गुळगुळीत झालं की आवाज चढतो, स्पिंडलवरचा लोड वाढतो, कडांना टवके येतात. तेव्हा पांढऱ्या अल्युमिनाची ड्रेसिंग स्टिक चाकावर लावून बाँड थोडा झिजवा, म्हणजे नवे हिरे उघडे पडतील. ही स्टिक हाताशीच ठेवा.

ग्राइंडिंगच्या रेघांची दिशा ड्रॉइंगवर लिहिलेली फारशी दिसत नाही, पण ताकदीवर तिचा चांगलाच परिणाम होतो. पट्टी वाकणार असेल तर शेवटचे पास तिच्या लांबीच्या दिशेने घ्या. आडव्या रेघा म्हणजे ताणाला काटकोनात असलेल्या असंख्य बारीक खाचा.

जॉब धरायला मी मेण वापरतो. काचेची किंवा स्टीलची पट्टी आणि जॉब दोन्ही एकत्र ८० अंशांपर्यंत सावकाश तापवा, मेण लावा, जॉब दाबून बसवा आणि आपोआप थंड होऊ द्या. भोक पाडताना खाली काच असेल तर कोअर ड्रिल थेट काचेत उतरतं आणि जॉबची मागची कड शाबूत राहते. ड्रिल थोडं खाली, पूर्ण वर, असं करत न्या, पाणी आतून सोडता आलं तर फारच चांगलं. शेवटच्या मिलिमीटरला फीड निम्मा करा.

नुसती नळी किंवा रॉड लांबीला कापायचा असेल तर पातळ हिऱ्याचं ब्लेड आणि पाण्याची धार पुरते. नळी आरपार कापण्याऐवजी फिरवत, सगळीकडून थोडी थोडी आत जात कापा. शेवटी उडणारा टवका टळतो. ०.६३५ मिमीच्या पट्ट्यांवर लेझरने रेघ मारून त्या मोडता येतात, पण लेझरच्या कडेला वितळून गोठलेला थर आणि सूक्ष्म चिरा राहतात. त्या कडेवर भार येणार असेल तर ती हलकी घासून घ्या.

## १०. धूळ

कोरडं ग्राइंडिंग करू नका. सिरॅमिकची बारीक धूळ फुप्फुसात खोल जाते, आणि पोर्सिलेन किंवा काही मातीच्या मालांत स्फटिकी सिलिका असतो, तो सिलिकोसिस या फुप्फुसाच्या आजाराचं कारण आहे. कच्चा माल कापताना व्हॅक्यूम आणि बारीक कण अडवणारा मास्क दोन्ही हवेत. ओला गाळ वाळू देऊन झाडूने झाडायचा नाही. ओला असतानाच पुसून पिशवीत भरा. हाच गाळ मशीनच्या स्लाइडवर गेला तर मशीनची अचूकता खातो, म्हणून स्लाइड झाका आणि कूलंट गाळून फिरवा.

अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडची भुकटी पाण्याशी अभिक्रिया करून अमोनिया सोडते. हवा खेळती ठेवा आणि गाळ बंद डब्यात कोंडू नका. बेरिलियम ऑक्साइड तर कधीच कापू नका. जुन्या रेडिओ फ्रिक्वेन्सी ट्रान्झिस्टरमध्ये आणि काही मॅग्नेट्रॉनमध्ये तो सापडतो, आणि त्याची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. भंगारातून आणलेला, ओळख न पटलेला पांढरा सिरॅमिक कापू नये, तो याचसाठी.

## ११. तपासणी

माल आल्या आल्या घनता मोजा. हवेत वजन, पाण्यात वजन, एवढ्यावर घनता निघते. अल्युमिना ३.९ ऐवजी ३.७ भरला तर तो ९६ टक्क्यांचा ग्रेड तरी आहे किंवा नीट भाजला गेलेला नाही. मग पृष्ठभागावर फाउंटन पेनच्या शाईचा ठिपका द्या, मिनिटभराने ओल्या फडक्याने पुसा. पक्का भाजलेला माल स्वच्छ होतो. छिद्रं किंवा चीर असेल तर तिथे शाई अडकून रेघ उमटते. महत्त्वाच्या पार्टला फ्लोरोसंट डाय आणि अतिनील दिवा वापरा. कडा दहापट भिंगाखाली बघा.

अल्युमिनावर करड्या रेघा दिसल्या तर लगेच चीर समजू नका. स्टीलचा कॅलिपर घासला की धातू त्यावर उमटतो. मापनासाठी म्हणूनच कार्बाइडच्या टोकांचा मायक्रोमीटर बरा.

## १२. जोडणी

अल्युमिना आणि स्टेनलेस स्टील एकत्र तापणार असतील तर आधी प्रसरणाचा हिशोब करा. ३०४ स्टेनलेस दर अंशाला दशलक्षात १७ भाग वाढतं, अल्युमिना सुरुवातीच्या तापमानांत ७ च्या आसपास. ५० मिमी लांबीवर २०० अंश चढले की फरक ०.१ मिमी. घट्ट बसवलेल्या पार्टला एवढा फरक मोडायला पुरेसा आहे. अल्युमिनाच्या जोडीला टायटॅनियम प्रसरणात बरंच जवळ येतं.

आधार तीन टेकूंवर द्या; चार टेकूंपैकी एक नेहमी किंचित खाली असतो आणि स्क्रू आवळला की तिथे पार्ट वाकतो. स्क्रूच्या माथ्याखाली मऊ तांब्याचा किंवा ग्रॅफाइट फॉइलचा वॉशर आणि टॉर्क बेताचा. जिथे हालचाल होणार तिथे स्प्रिंग वॉशरने दाब धरा, म्हणजे तापल्यावर पार्टला सरकायला जागा राहील.

जोडल्यावर पहिल्यांदा तापवताना मिनिटाला ५ अंशांपेक्षा वेगाने चढू नका. थंड झाल्यावर उघडा, शाईचा ठिपका पुन्हा देऊन बघा, स्क्रूंचा टॉर्क तपासा, आणि मगच खऱ्या कामाच्या वेगाने तापवा. सुट्या नगांपैकी एकाला याच जोडणीत ठरवलेल्या तापमानाच्या पुढे, मोडेपर्यंत न्या. तडा कुठून सुरू झाला ते भिंगाखाली शोधा आणि ती जागा ड्रॉइंगवर खूण करून ठेवा. पुढच्या नगात बदल तिथूनच सुरू करायचा असतो.